बडादेव कपावर छापायचा का, हे कोणी ठरवायचं?

मध्य भारतातल्या बैगा या आदिवासी समाजाच्या चित्रांतला वाघ, साजाचं (ऐनाचं) झाड आणि त्यांचा देव बडादेव आता चहाच्या कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसू लागले आहेत. त्यावरून घातला जाणारा वाद मात्र फार ढोबळ आहे. एक बाजू म्हणते, कला सगळ्यांची असते. चित्र विकलं गेलं तर चित्रकाराच्या घरची चूल पेटते, मग पावित्र्याचा एवढा बाऊ कशाला? दुसरी बाजू म्हणते, देवाधर्माची चिन्हं बाजारात आणणं हाच अपमान आहे, ती जंगलात आणि संग्रहालयातच बरी. दोन्हीकडून हिरिरीनं बोलणारे बहुतेक जण बैगा नसतात, आणि बैगांना विचारावं असंही त्यांना फारसं वाटत नाही. माझं म्हणणं असं, की विकावं की विकू नये हा प्रश्न सरसकट विचारण्यातच घोळ आहे. कुठलं चिन्ह, कुठल्या वस्तूवर, किती काळ आणि कोणाच्या होकारानं, असा तो सुटा सुटा विचारला पाहिजे. उत्तर देण्याचा अधिकार बैगा ग्रामसभेचा आणि चित्र काढणाऱ्या माणसाचा आहे. त्याला लागणारा कायद्याचा आधार बऱ्याच अंशी आजच हाताशी आहे. तो कोणी वापरत नाही, ही खरी अडचण.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘हजारो वर्षांची बैगा चित्रकला’ असं जाहिरातींत लिहिलेलं असतं, ते खरं नाही. कागदावर, कॅनव्हासवर रंगवलेलं बैगा चित्र ही अलीकडची गोष्ट आहे. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यात लोढा गावी, शांतिनिकेतनात शिकलेल्या आशीष स्वामी यांनी ‘जनगण तस्वीरखाना’ नावाची चित्रशाळा उभी केली. तिथे 2008 च्या सुमारास जोधईयाबाई बैगा यांनी पहिल्यांदा ब्रश हातात घेतला. तोवर दगड फोडणं, सरपण विकणं यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि वय सत्तरीकडे झुकलेलं होतं. कॅनव्हासबरोबरच लाकूड, मुखवटे आणि वाळलेले भोपळे यांवरही तिथे काम झालं. स्वामी 2021 मध्ये कोविडनं गेले. जोधईयाबाईंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 15 डिसेंबर 2024 रोजी त्यांचं निधन झालं. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, त्या कॅनव्हासचं वय जेमतेम दीड-दोन दशकांचं आहे.

मग जुनं काय आहे? जुनं आहे ते अंगावर, भिंतीवर आणि विधीत. बैगा स्त्रीचं गोदना, म्हणजे अंगावरचं गोंदण, हे त्यातलं सगळ्यात ठळक. सुरुवात लहानपणीच कपाळापासून होते: दोन भुवयांच्या मधोमध कोनासारखं चिन्ह, त्यात ठिपके आणि उभ्या रेघा. पुढे वयानुसार हात, पाठ, मांड्या, छाती असा क्रम लागतो. शाई रामतिलाची, म्हणजे आपल्याकडच्या कारळ्याची. तिच्या काजळीत बीजा झाडाचा चीक मिसळतात. बांबूच्या काडीनं आधी आकृती रेखायची, मग सुयांच्या जुडीनं टोचायची, आणि सूज उतरावी म्हणून वरून तेल-हळद लावायची. पावसाळ्यात हे काम टाळतात, कारण दमट हवेत जखम पिकते आणि पिकलेल्या जागी रेघ फुटते. मेल्यावर सगळे दागिने इथेच राहतात, हा एकच दागिना बरोबर येतो, अशी त्यामागची धारणा आहे. भिंतीवर ओल्या मातीत बोटांनी उठाव देऊन स्त्रिया नोहडोरा ही नक्षी घडवतात. आणि विधीत तर कित्येकदा चित्र नसतंच. बडादेवाचा वास साजाच्या झाडात, धरतीमातेचा जमिनीत. तिच्या छातीवर नांगर चालवायचा नाही म्हणून बैगा नांगरटीऐवजी बेवर, म्हणजे झाडोरा जाळून राखेत बी पेरण्याची शेती, करत आले. मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालत होता, त्या काळातल्या सरकारी नोंदींत वाघानं मारलेल्या माणसाच्या जागी होणाऱ्या विधीचं वर्णन सापडतं. बैगा पुजारी तिथल्या रक्तानं भिजलेल्या मातीचा लहान शंकू करतो, तो मेलेल्या माणसाच्या जागी मानतो, आणि स्वतः वाघासारखा चार पायांवर येतो. बाघेसुराची, म्हणजे वाघदेवाची, आकृती कॅनव्हासवर येते ती असल्या अनुभवाच्या तळातून. तिच्याकडे नुसता देखणा वाघ म्हणून पाहणं हे अज्ञान आहे, आणि ते विक्रेत्याच्या सोयीचं अज्ञान आहे.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत. पहिला मुद्दा असा, की कॅनव्हासच जर नवा आहे, तर त्यावरचा बडादेव पवित्र कसा? तो विधीचा भाग नव्हताच; एका चित्रकार बाईनं आपल्या मनातला देव रंगवला आणि विकला. हे मान्य केलंच पाहिजे. जोधईयाबाईंनी देव रंगवले, आनंदानं रंगवले आणि ते जगभर गेले. त्यांना ‘तुम्ही देव विकलात’ असं म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण या मुद्द्यातून निघतं ते वेगळंच. एका बैगा स्त्रीनं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या हातानं, एका चौकटीत देव रंगवणं आणि त्या चित्राचा फोटो काढून कुणी परक्यानं तो पायपुसण्यावर छापणं, या दोन गोष्टी एकाच मापानं कशा मोजायच्या? पहिल्यात निर्णय तिचा होता. दुसऱ्यात तिला कळवण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे, आणि तो आपल्याच इतिहासातला आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देव आला. छापल्यानं देव बाटला का? उलट तो मुक्त झाला, असं कोणी म्हटलं तर ते खोडून काढता येत नाही. छापील प्रत म्हणजे विटंबना, हे समीकरण म्हणूनच चुकीचं आहे.

पण त्या छापील देवांचं पुढे काय होतं, तेही बघा. काच फुटलेली तसबीर मराठी घरात कोणी कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही; पिंपळाच्या पारावर ठेवतात, नाहीतर नदीत सोडतात. लग्नपत्रिकेवरचा गणपती फाडून बाजूला काढणारी माणसं आजही आहेत. गणपती चपलेवर छापला गेला तर काय होईल, हे कुठल्याही कंपनीला सांगावं लागत नाही. व्यापारचिन्हांच्या 1999 च्या कायद्यात कलम 9 मध्येच तरतूद आहे, की कुठल्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावतील असं चिन्ह नोंदलं जाणार नाही. म्हणजे देव कुठे छापावा आणि कुठे छापू नये, याचे नियम आपण पाळतो आणि दुसऱ्यांना पाळायलाही लावतो. आपल्या संख्येमुळे ते जमतं. मध्य प्रदेशातले बैगा 2011 च्या जनगणनेत सुमारे 4 लाख. त्यांनी हरकत घेतली तर ती कोणत्या दुकानाच्या मालकाला ऐकू जाईल? छापण्याची मोकळीक सर्वांना सारखी आहे, हा युक्तिवाद हरकत घेण्याची ताकद सर्वांना सारखी असेल तरच टिकतो.

तिसरा मुद्दा उपजीविकेचा. बंधनं घातली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, हातातला घास जाईल. ही भीती खोटी नाही, पण ऑस्ट्रेलियात नेमकं उलट घडलं. 1971 मध्ये पापुन्या या वाळवंटी वस्तीत जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनानं आदिवासी पुरुष फळ्यांवर आपल्या विधींमधल्या आकृती रंगवू लागले. दीक्षा न घेतलेल्यांनी आणि स्त्रियांनी पाहू नयेत अशाही आकृती त्यांत होत्या. आसपासच्या समूहांनी तीव्र हरकत घेतली. चित्रकारांनी चित्रं थांबवली नाहीत. गुप्त वस्तू वगळल्या आणि उरलेल्या आकृती ठिपक्यांच्या थरांनी झाकत नेल्या. जगभरात ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रांची ओळख बनलेल्या त्या ठिपक्यांच्या शैलीला बहर आला, त्यामागे हेही एक कारण होतं. काय दाखवायचं नाही हे आतल्या लोकांनी ठरवलं आणि बाजार आटला नाही, वाढला.

त्याच देशात 1994 मध्ये गालिच्यांचा खटला गाजला. आदिवासी चित्रकारांच्या कलाकृती न विचारता व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून आयात केल्या गेल्या होत्या. पवित्र आकृती लोकांच्या पायाखाली गेल्या, आणि त्या जपण्याची जबाबदारी ज्या चित्रकारांवर होती त्यांची स्वतःच्या समाजात मान खाली गेली. न्यायालयानं सुमारे 1,88,000 ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई देताना ही सांस्कृतिक हानीही धरली, आणि रक्कम एकत्रित दिली, म्हणजे चित्रकारांना ती आपल्या रिवाजाप्रमाणे वाटून घेता येईल. यातला बारकावा फार महत्त्वाचा आहे. चित्रकाराला अंधारात ठेवून छापलं, तरी गावात जाब विचारला जातो तो चित्रकारालाच. ‘आमची कला, आमचा निर्णय’ असं म्हणणाऱ्या तरुण बैगा चित्रकारानंही हा धोका ओळखला पाहिजे.

आपल्या दाराशी वारली आहे. पालघर जिल्ह्यात लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा चौक हे सवाशिणींचं काम. शेणानं सारवून गेरू दिलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. मधोमध पालघट देवी, शेजारी लहान देवचौकात पंचशिऱ्या देव, आणि समोर गाणारी धवलेरी. 1970 च्या दशकात कलावंत भास्कर कुलकर्णी डहाणू भागात पोचले, कागद आणि रंग गावात आले, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारखा मोठा चित्रकार जगापुढे आला. मशे यांच्या ज्या चित्रांनी जग थक्क झालं, ती मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळं, तारप्याभोवतीचा वेटोळा नाच यांची होती. चौकाला हात न लावताही केवढी अफाट निर्मिती होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. आणि चौकाला हात लागला की काय होतं, तेही आपण रोज पाहतो: नक्षीची चौकट तेवढी उचलायची, मधली पालघट काढून टाकायची आणि तिथे दुकानाचं नाव घालायचं. वारली चित्रांना 2014 मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय मानांकन) मिळाला. त्यानं हे थांबलं का? नाही, आणि थांबणारही नव्हतं.

कारण भौगोलिक निर्देशांक नावाचं रक्षण करतो, आकृतीचं नाही. मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रांना तो 2023 मध्ये मिळाला. आता तिथल्या नोंदणीकृत वापरकर्त्यांखेरीज कोणी आपला माल ‘गोंड चित्र’ म्हणून विकला तर कारवाई होऊ शकते. पण तीच आकृती ‘आदिवासी नक्षी’ अशी चिठ्ठी लावून विकली, तर हा कायदा हतबल आहे. बैगा चित्रांसाठी याच निर्देशांकाची मागणी करून जे थांबतात, ते निम्म्या वाटेवर थांबतात.

उरलेली वाट 1957 च्या कॉपीराइट कायद्यातून जाते, आणि तिथे खाचखळगे आहेत. चित्रकार ओळखीचा असेल तर हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे जोधईयाबाईंच्या चित्रांवरचा हक्क 2084 अखेरपर्यंत जिवंत आहे. कॅनव्हास विकत घेतल्यानं तो छापण्याचा हक्क मिळत नाही. हक्क द्यायचा तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इथवर ठीक. पण कलम 17 मध्ये एक फास आहे: कोणी मोबदला देऊन मागणीनुसार चित्र काढून घेतलं, आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क मागणी करणाऱ्याचा. हॉटेलनं चार चित्रकार बोलावले, भिंती रंगवून घेतल्या, मजुरी दिली, की त्या भिंतीवरचा बाघेसुर कपांवर छापायला हॉटेल मोकळं. शासकीय शिबिरांतही धोका तोच, कारण सरकारच्या सांगण्यावरून केलेल्या कामाचा पहिला हक्क सरकारकडे जातो. हातात रोख मजुरी पडते, जेवण मिळतं, फोटो निघतो, आणि हक्क कधी गेला ते कळतही नाही. यावर उपाय एका ओळीचा आहे: काम सुरू होण्याआधी ‘सर्व हक्क चित्रकाराकडे राहतील’ हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या.

त्यापुढचा हिशेबही साधा आहे. समजा एका कॅनव्हासचे चित्रकाराला 5,000 रुपये मिळाले आणि त्याच चित्रावरून 2,000 कप छापले. कपामागे फक्त 5 रुपये ठरवले तरी 10,000 होतात, मूळ चित्राच्या दुप्पट. उपजीविकेच्या नावानं मोकळीक मागणाऱ्यांनी हे दुप्पट पैसे कुणाच्या खिशात जातात ते आधी सांगावं. करारात वस्तूंची नावं हवीत, नगसंख्या हवी, मुदत हवी, चित्रकाराचं आणि गावाचं नाव प्रत्येक नगावर हवं, आणि कुठल्या वस्तूंवर मुळीच छापायचं नाही त्यांची यादी हवी: पायपुसणी, चपला, बसायची आसनं, एकदा वापरून फेकायच्या पिशव्या.

पण हे झालं एका चित्रकाराचं. गोदन्यातल्या चिन्हाचा कोणी एक कर्ता नाही, तिथे कॉपीराइट पोचतच नाही. तिथे कामाला येतो 2006 चा वनहक्क कायदा. जमिनीच्या पट्ट्यांसाठीच तो सगळ्यांना ठाऊक. पण त्याच्या कलम 3 मधल्या पहिल्या पोटकलमाचा ‘के’ खंड जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदा हक्क मान्य करतो. रामतिलाची काजळी, बीजाचा चीक आणि अंगावरच्या आकृतींचा क्रम यांपेक्षा या व्याख्येत चपखल बसणारं दुसरं काय असेल? कलम 5 ग्रामसभेला आपला सांस्कृतिक वारसा जपण्याचा अधिकार देतं. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घोषित आदिवासी भागात, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा हेच सांगतो, आणि मध्य प्रदेशानं त्याचे नियम 2022 मध्ये केले आहेत. दिंडोरी आणि मंडला हे जिल्हे पूर्णपणे त्यात येतात. उमरियातला पाली विकासखंड तेवढा येतो, म्हणून बाकी उमरियात भिस्त वनहक्क कायद्यावरच ठेवावी लागेल. दिंडोरीच्या बैगाचकमधल्या 7 गावांना देशात पहिल्यांदा अधिवास हक्क, म्हणजे आपल्या परंपरागत मुलखावरचे समूहाचे हक्क, मिळाले. जंगलावरचा समूहाचा हक्क जिथे मान्य झाला, तिथे त्या जंगलातून आलेल्या आकृतींवरचा हक्क मागणं ही पुढचीच पायरी आहे. ‘के’ खंडाला न्यायालयात किती धार चढेल हे दावे दाखल झाल्यावर दिसेल. पण दावाच केला नाही, तर बोथट कायदा बोथटच राहतो.

यावर येणारा आक्षेप सगळ्यात अवघड आहे: समाज म्हणजे नेमकं कोण? गुनिया, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, म्हणेल एक, विशीतली चित्रकार म्हणेल दुसरं. परंपरेच्या नावावर बायकांचे हात बांधले जाणार नाहीत कशावरून? भिल्लांमध्ये पिठोरा हे विधीचं भित्तिचित्र लिहिण्याचा मान पुरुषांचा. भिल्ल चित्रकार भुरीबाईंनी कागदावर झाडं, प्राणी, गावातलं जगणं रंगवत आपली वाट काढली, आणि 2021 मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचल्या. वाट निघाली, पण ती बंधन ओलांडून नव्हे तर वळसा घालून निघाली, हे विसरून चालणार नाही. गोदन्यात तर आणखी एक पेच आहे. टोचणारी बदनीन बैगा नसते, ती बादी समाजाची. आकृती पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवणारा हात तिचा, त्या अंगावर वागवणारी त्वचा बैगा स्त्रीची. मग होकार कोणाचा घ्यायचा? माझ्या मते दोघींचा, आणि मोबदल्यातला वाटाही दोघींचा. गोदन्याचा निर्णय ग्रामसभेतल्या पुरुषांनी परस्पर घेऊ नये. ज्यांच्या अंगावर ती चिन्हं आहेत त्या बायकांची वेगळी बैठक आधी व्हावी आणि तिचा नकार अंतिम मानावा. यात भांडणं होतील, वेळ जाईल, एखादी मोठी ऑर्डर हातची निसटेल. हे नुकसान खरं आहे आणि ते सोसण्यासारखं आहे.

एक सावधगिरी मात्र पहिल्याच दिवशी घ्यावी लागेल. बंद चिन्हांची, म्हणजे बाहेर दाखवायची नाहीत अशा चिन्हांची, यादी करायची म्हणून उत्साही लोक कॅमेरा घेऊन गावात येतात, प्रत्येक गोदन्याचा स्वच्छ फोटो काढतात, संकेतस्थळावर चढवतात, आणि जे झाकायचं तेच जगाला फुकट देऊन बसतात. आता तर असे फोटो वेचून ‘बैगा शैली’तली चित्रं क्षणात तयार करणारी यंत्रंही आली आहेत. म्हणून खुल्या चिन्हांची नोंद चित्रासकट करावी, बंद चिन्हांची फक्त नावानं: चिन्हाचं स्थानिक नाव, अंगावरची किंवा विधीतली जागा, आणि ते कोणी पाहायचं नाही. ही वही ग्रामसभेच्या पेटीत राहावी, एक प्रत बदनीनीकडे. संस्थेला, कंपनीला किंवा सरकारी खात्याला एखादी आकृती वापरायची असेल, तर त्यांनी ती घेऊन गावात यावं आणि विचारावं. ती वहीत आहे की नाही, एवढंच त्यांना सांगितलं जाईल.